खालच्या आवाजाचे शब्द

लाम तिन, १२ सप्टेंबर १९९६

आ-क्वान,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. लुई बाईंनी ते गायकमंडळाच्या तालमीच्या वेळी सगळ्यांसमोर फोडलं. आत सुरावटीची वीस-एक पानं होती, चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं धरून झटकलं, तर पाउ मावशी म्हणाल्या, "काय शोधतेस गं? व्हँकुव्हरहून सोनं येतं काय टपालानं?" सगळे हसले. मीही हसले.

चार वर्षांत मला एक ओळ न लिहिणारा तू, लुई बाईंनी मागितलं म्हणून दोन महिन्यांत 'खाडीचे दिवे'चं शीर्षकगीत चार आवाजांत बांधून पाठवतोस. तक्रार करत नाहीये. सुंदर झालंय. वरच्या पट्टीतल्या बायकांनी पहिली ओळ धरली आणि खोलीत कुणी हललं नाही. मालिका लागायची तेव्हा जिन्यात सगळ्या मजल्यांवरून हेच सूर यायचे, आई कांद्याची पात चिरता चिरता थांबायची. पाउ मावशींनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. बाजारात मासे विकणाऱ्या बाईला रडताना दिसून चालत नाही, भाव पडतो म्हणे.

तुला माहीत नसेल, बाबा आता आमच्या गायकमंडळात आहेत. गेल्या वर्षी पाउ मावशींनीच ओढून आणलं. "तीस वर्षं मिनीबस चालवताना उतारूंवर ओरडलात, आता जरा सुरात ओरडा," म्हणाल्या. ते खर्जात उभे राहतात, मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. मंगळवारी त्यांनी आपलं पान हातात घेतलं, वरच्या कोपऱ्यातलं तुझं नाव वाचलं, पानाची घडी केली आणि खिशात ठेवली. तुझ्याबद्दल ते बोलत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे.

पण गाण्याबद्दल बोलले. तू खर्जाला शब्द दिलेलेच नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं 'ऊ'. मधल्या दोन आवाजांनाही तेच. तालीम संपल्यावर बाबा म्हणाले, "पाच मिनिटं ऊ-ऊ करणाऱ्या माणसाचा एक तर दात दुखत असतो, नाहीतर त्याला कुणी विचारत नसतं."

पाउ मावशींनी लावून धरलं, "वरच्या बायकांचेच शब्द आम्ही खालच्या सुरात म्हणतो की. त्यात काय एवढं?" लुई बाईंनी म्हणून बघायला सांगितलं. आता आपल्या भाषेत अक्षर चढतं की उतरतं यावर त्याचा अर्थ, आणि खालचा आवाज चढतो-उतरतो वेगळ्याच वाटेनं. एक ओळ पुरी व्हायच्या आत मधल्या आवाजातले दोघे हसून खुर्च्यांवर बसले. अक्षरं तीच होती, पण बोलणं एखाद्या तापकऱ्याचं वाटत होतं. "बरं, बरं," मावशी म्हणाल्या, "मग आमच्यासाठी वेगळे शब्द लिहा. बाई शाळेत भाषा शिकवते ना?" बाई म्हणजे मी.

तर लुई बाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातलंय. तुझे सूर तसेच ठेवायचे आणि त्यांच्या चढउतारावर बसतील असे शब्द प्रत्येक आवाजाला द्यायचे. तुझी हरकत असेल तर कळव. मला विचारशील तर ते व्हायलाच हवं. या गाण्यात बोलतो तो फक्त जाणारा. 'दोर सुटला, दिवे मागे राहिले.' आणि पडद्यावर काय दिसायचं? बोट निघालेली, आणि धक्क्यावर दोराचं टोक हातात धरून उभा असलेला बाप. वीस वर्षं तो माणूस तिथे उभा आहे आणि त्याच्या तोंडी एक अक्षर नाही.

कार्यक्रम १४ डिसेंबरला, इथल्याच सभागृहात. तू येशील असं धरून मी काही ठरवत नाही. पण बाबा तुझ्या सुरांवर काही म्हणतील आणि ते तुझ्यापर्यंत पोहोचेल, इतकं तरी व्हावं. चार वर्षांत तुमच्यात तेवढंही झालेलं नाही.

बाबा बरे आहेत. घसा जरा बसलाय. हवा बदलतेय ना.

होई-यानला आणि पोराला आशीर्वाद.

ताई


लाम तिन, ६ ऑक्टोबर १९९६

आ-क्वान,

पान मिळालं. खर्जाच्या ओळीतला प्रत्येक 'ऊ' तू पेन्सिलीनं खोडला आहेस. याचा अर्थ 'लिही' असा मी घेते. शब्दांत 'लिही' असं लिहिलं असतंस तरी टपाल खर्च तेवढाच आला असता.

मधल्या दोन आवाजांचे शब्द झाले. त्यांत शेजारीपाजारी बोलतात: जाळी सुकली का, भात ठेवला का, भरती कधीची. तालमीत पाउ मावशींना आपली ओळ इतकी आवडली की लुई बाईंनी हात खाली केल्यावरही त्या गातच होत्या.

अडलंय ते खर्जावर. शेवटच्या कडव्यात वरच्या बायका 'दिवे मागे राहिले' म्हणून थांबतात आणि खर्ज एकटा उतरत जातो, ते चार सूर. किती दिवस त्यांच्याशी झटत होते. पायऱ्या उतरल्यासारखे खाली खाली जातात, तशी उतरती चार अक्षरं हवीत. शेवटी सापडली. अर्थ असा: जा पोरा, वारा बरा आहे. मला ती फार आवडली. धक्क्यावरच्या त्या माणसाला शोभतात. मोठ्या मनाची आहेत.

मंगळवारी वाटली. खर्जातले बाकीचे गायले. बाबा तोंड मिटून उभे.

लुई बाई म्हणाल्या, "सिटो काका, तुमचा आवाज येत नाही."

"हे माझ्या तोंडचं नाही."

"गाण्यातलं आहे, काका."

"गाण्यातलं असेना का. जा म्हणून सांगणारा बाप दाखवा मला एक. कुठं आहे? मागच्या रांगेत आहे का कुणी?" मागच्या रांगेतले सगळे आपापले बूट बघायला लागले. त्यांतल्या तिघांची मुलं टोरांटोला आहेत, एकाची सिडनीला.

घरी येताना मी विचारलं, मग काय म्हणायचंय तुम्हाला? मग ते सगळं एकदम आलं. रविवारच्या चहाचं. तू आठवत असशील किंवा विसरलाही असशील. विमानाच्या आदल्या रविवारी, कोळंबीच्या करंज्यांची टोपली नुकती टेबलावर आली होती आणि तू म्हणालास, तिकिटं काढली, घराचा ताबा शुक्रवारी द्यायचा. बाबांनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या आणि वेटरला बिल आणायला सांगितलं. आपण सगळ्यांनी तेव्हा धरून घेतलं की ते रागावले.

"रागावलो नव्हतो," मंगळवारी म्हणाले. "मला कळेना काय म्हणायचं. तिकिटं काढलेली, घर दिलेलं. राहा असं म्हणायला जागा कुठं ठेवली होती? आधी सांगितलं असतं तर म्हणालो असतो. ऐकलं नसतं त्यानं, ते वेगळं. पण म्हणालो असतो."

"काय म्हणाला असतात?"

"इतक्यात जाऊ नको. एवढंच."

आपल्या बोलीत ती नेमकी चार अक्षरं आहेत, आ-क्वान. म्हणून बघ. पहिलं खाली, मधली दोन वर चढणारी, शेवटचं पुन्हा खाली. मी बाबांना म्हटलं, गाण्यात असं रस्त्यावरचं बोलत नाहीत, ग्रंथातल्यासारखं लिहावं लागतं. ते म्हणाले, "मग गाण्याला सांग, जरा रस्त्यावर ये."

तेव्हा एक मागणं आहे. तुझे ते चार सूर बदलशील? उतरते आहेत ते असे कर: खाली, वर, वर, खाली. शब्द मी कितीही बदलू शकते, पण बाबांना हेच म्हणायचंय, आणि हे तुझ्या सुरांवर बसत नाही. पान सोबत जोडलंय. खुणा केल्या आहेत.

सणाच्या मूनकेकचा डबा वेगळा पाठवला होता. तो मिळाला का?

ताई


लाम तिन, २७ ऑक्टोबर १९९६

आ-क्वान,

उत्तर मिळालं. माझ्या खुणांवर एक फुली, आणि खाली तेच चार उतरते सूर, या वेळी शाईनं.

लुई बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे गं. खालून आवाज उतरला नाही तर वरच्या बायका अधांतरी राहतात. सगळी बांधणीच त्या उतारावर उभी आहे." मी पियानोवर वाजवूनही पाहिलं. माझे चार सूर घातले की खरंच वाईट वाटतं, जिन्याची पायरी चुकल्यासारखं. गाण्यातलं तुला कळतं, मला कळत नाही. ते कबूल.

पण मी गाण्याबद्दल विचारलंच नव्हतं.

तू लहानपणापासून असाच. कॅरमचा नियम चुकला म्हणून डाव मोडणारा. होई-यान कसं सांभाळते कोण जाणे. हे वाक्य खोडणार होते, राहू दे.

गेल्या रविवारी चुंग यांगचं, पितरांच्या सणाचं, आईकडे जाऊन आलो. टेकडीवर गर्दी म्हणजे काय! लोक नैवेद्याची भाजलेली डुकरं डोक्यावर घेऊन जिने चढत होते. बाबांनी आईच्या अस्थींच्या कोनाड्यासमोर चहा ओतला, संत्री मांडली, उदबत्त्या लावल्या आणि नेहमीसारखं वर्षभराचं सगळं सांगायला लागले. दरवर्षी ते मोठ्यानं सांगतात आणि मला आजूबाजूच्यांची लाज वाटते. या वर्षी मी शेजारी उभी असून मला ऐकू येत नव्हतं. शेजारच्या कुटुंबातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी औषधी गोळ्यांची पुडी दिली. "घशासाठी चांगल्या, आमचे हे घ्यायचे," म्हणाल्या. आमचे हे म्हणजे ज्यांच्या कोनाड्यासमोर त्या उभ्या होत्या ते. बाबांना इतकं हसू आलं की खोकला थांबेना.

आईला त्यांनी तुझ्याबद्दल काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. नाव आलं एवढं कळलं.

गुरुवारी दवाखान्यात घसा दाखवायचा आहे. साधंच असेल.

तालमीत बाबा त्या चार सुरांना तोंड मिटतात. बाकीचे चौघे 'जा पोरा, वारा बरा आहे' असं म्हणतात. छान वाटतं ऐकायला. मला आता ते आवडत नाही.

वान-चिंग


लाम तिन, १२ नोव्हेंबर १९९६

आ-क्वान,

हे पत्र लिहितेय ते बाबांना माहीत नाही. "त्याला कळवलंस तर मी मंडळात पाऊल टाकणार नाही," असं त्यांनी मला बजावलंय. मी तुझ्या घरी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा निरोप टिपणारं यंत्र बोललं. यंत्राला मी काय सांगणार? तिसऱ्यांदा फक्त तारीख सांगून फोन ठेवला. ती ऐकून तू गोंधळला असशील, म्हणून सगळं नीट लिहिते.

घशात गाठ आहे. तपासणीचा निकाल आला. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले, सगळं. जीव वाचायची शक्यता चांगली आहे. गळ्यापाशी श्वासासाठी भोक राहील. आवाज राहणार नाही. ऑपरेशन १८ डिसेंबरला, बुधवारी.

बाबांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "चौदा तारखेला गाता येईल का?"

डॉक्टर म्हणाले, गाणं म्हणजे काय गाता यावर आहे.

"ऊ-ऊ," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांचा मुलगा संगीतकार आहे. का म्हटलं ते माहीत नाही. बाबा 'नाही' असं म्हणाले नाहीत.

बसनं घरी आलो. मीच रडले, ते खिडकीतून बाहेर बघत होते. कुन तोंगच्या वळणावर म्हणाले, "पूर्वी इथं थांबा नव्हता. लोक दहा पावलं आधी ओरडायचे, 'उतरायचंय!' एक पोरगी होती, तिचा आवाजच फुटायचा नाही. रोज पुढच्या थांब्यापर्यंत जायची आणि चालत मागे यायची. मग मी तिला आरशात बघून आपोआप थांबायला लागलो."

तुझे सूर बदल म्हणून मी भांडत नाही आता. तू म्हणतोस तसंच असेल, बांधणी मोडत असेल. मी फक्त काय आहे ते कळवते. एक माणूस आहे, त्याला एक वाक्य म्हणायचंय, आणि आवाज १८ तारखेपर्यंत आहे. यात मी काय करू ते मला समजत नाही. मी सगळे शब्द उलटेपालटे करून पाहिले. तुझ्या उतारावर 'जाऊ नको' अशा अर्थाचं काहीही बसत नाही. तिथे फक्त निरोपच बसतो. तू जाणूनबुजून केलंस असं मी म्हणत नाही.

पत्राला आठवडा लागतो, म्हणून आजच टाकते.

ताई


लाम तिन, ४ डिसेंबर १९९६

आ-क्वान,

नवीन पान सोमवारी आलं. आधी मला वाटलं, छापताना काहीतरी राहून गेलं. लुई बाईंनाही तसंच वाटलं. त्यांनी पान उजेडात धरलं, मागून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

'दिवे मागे राहिले' नंतर तू सगळ्यांना थांबवलंस. वरचे तिन्ही आवाज, पियानोसुद्धा. दोन बार, म्हणजे आठ मात्रा, सगळीकडे विसावा. फक्त खर्जाची ओळ मोकळी ठेवलीस. तिथे विसावाही नाही आणि सूरही नाही, रिकाम्या रेघा आहेत आणि वर लिहिलंयस: बाबा.

चार वर्षांत तुझ्या हातचा हाच एक शब्द मी पाहिला.

बांधणी न मोडता तू ती उघडीच टाकलीस. आता खाली कुठल्याही सुरात काहीही म्हटलं तरी वर कुणी अधांतरी राहत नाही, कारण वर कुणी नाहीच. हे मला सुचलं नसतं. मी जे मागत होते त्याहून हे फार जास्त आहे. ऑक्टोबरात मी तुला जे कॅरमचं लिहिलं, ते परत घेते.

बाबांना पान दिलं. त्यांनी चष्मा लावला, लांब धरलं, जवळ धरलं.

"इथं तर काहीच नाही."

"तिथे तुम्ही म्हणायचं. एकट्यानं."

"कुठल्या सुरात?"

"तुम्हाला येईल त्या."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे थांबणार."

"कशाला?"

"तुमच्यासाठी, बाबा."

त्यांनी अंगठ्यानं तो शब्द पुसल्यासारखा केला, शाई खरी आहे का बघतात तसा. मग म्हणाले, "त्याला कळलंय." मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. पण ओरडण्याइतका आवाज राहिला नाही, आणि बहुधा त्यांना ओरडायचंही नव्हतं. एवढंच म्हणाले, "अक्षर अजून तसंच आहे त्याचं. गिचमिड."

तालमीत मात्र म्हणत नाहीत. आठ मात्रा सगळे थांबतात, लुई बाई हवेत बोट हलवून मोजतात, बाबा त्यांच्याकडे शांतपणे बघत राहतात. "त्या दिवशी म्हणेन," सांगतात. "उगाच आधी वापरून संपवू काय?" पाउ मावशींनी बडबड केली, "नवरदेव आहात का? मुहूर्ताशिवाय तोंड उघडायचं नाही!" पण काल भाज्या धुवायच्या बहाण्यानं त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, नळ सोडला, आणि मला बाहेर ऐकू आलं. आवाज फाटलेला होता. पण चारही अक्षरं बरोबर पडत होती. खाली, वर, वर, खाली. बऱ्याच वेळा म्हणाले. चोई-समची जुडी किती वेळ धुवायची!

कार्यक्रमाची टेप करणार आहोत. खर्जातल्या एका काकांच्या भाच्याकडे चांगलं यंत्र आहे. तुला लगेच पाठवते.

विमानाची तिकिटं या दिवसांत महाग असतात, सुट्टी मिळत नाही, हे सगळं मला कळतं. तरी लिहून ठेवते की पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची मी धरून ठेवणार आहे.

ताई


लाम तिन, १५ डिसेंबर १९९६

आ-क्वान,

काल कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं. कडेच्या खुर्चीवर मी माझा कोट ठेवला होता. आपलं गाणं सुरू व्हायच्या आधी एका उभ्या असलेल्या आजोबांना ती दिली.

आपलं गाणं शेवटचं होतं. पहिल्या सुराला लोकांनी ओळखलं आणि 'आ!' असा आवाज आला, आणि मग पुष्कळजण बरोबर गायला लागले. लुई बाईंनी त्यांना थांबवलं नाही. पाउ मावशी आपल्या ओळीला दोन पावलं पुढेच आल्या. तू असतास तर चिडला असतास. छान झालं.

मग ती जागा आली. वरच्या बायका थांबल्या. पियानो थांबला. ऐकणारेही थांबले, त्यांना माहीत नव्हतं तरी. बाबा भिंतीपासून सुटून सरळ उभे राहिले. निळा कोट घातला होता, माझ्या लग्नातला. लुई बाईंनी बोट हलवायला सुरुवात केली. बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या समोरच होते, बायकांच्या कडेला, मला त्यांचे दात दिसत होते.

ते काही म्हणाले नाहीत.

आठ मात्रा झाल्या. लुई बाईंचं बोट आठव्याला थांबलं, थोडं जास्तच थांबलं. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि सगळे शेवटच्या ओळीवर आले. लोकांना ते तसंच बांधलेलं वाटलं. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाल्या, "तो मधला सन्नाटा काय सुंदर होता, अंगावर काटा आला." मी त्यांचे आभार मानले.

घरी जाताना मिनीबसमध्ये मागच्या सीटवर बसलो. ड्रायव्हरनं दोनदा जोरात ब्रेक मारला आणि बाबा म्हणाले, "हा कोंबड्या वाहायचा पूर्वी." मी हसले नाही. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"म्हणणार होतो गं."

"मग?"

"उभा राहिलो आणि लक्षात आलं, तो तर गेलाय. चार वर्षं झाली. तिथं त्याचं घर आहे, पोराची शाळा आहे. आता इतक्यात जाऊ नको म्हणून कुणाला सांगू?"

"त्याला ऐकायचं होतं, बाबा. त्यानं जागा ठेवली होती."

"हो ना. त्यानं ठेवली. मी जुनंच घेऊन गेलो." आवाज इतका बसला होता की मला कान जवळ न्यावा लागला. "दुसरं काही तयार केलं नव्हतं. त्या आठ मात्रांत सुचेना. तुला सुचलं असतं. तुझं कामच ते."

मला सुचलं नसतं. मीही अडीच महिने तेच एक वाक्य बसवत होते. त्या वाक्याला चार वर्षांपूर्वीच जागा हवी होती आणि मी ती आता शोधत होते, तुझ्याशी भांडून, तुला भाग पाडून. नवीन काय म्हणायचं ते मी बाबांना एकदाही विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस. आपण दोघंही आपापल्या कामात हुशार आहोत.

उतरायच्या वेळी ते म्हणाले, "टेप पाठवणार आहेस?"

"हो."

"तेवढं पुसून टाक. उगाच वाट बघत बसेल."

उद्या सकाळी त्यांना दवाखान्यात दाखल करायचं आहे, परवा तपासण्या, बुधवारी ऑपरेशन. ही टेप तुझ्या हातात पडेल तेव्हा ते झालेलं असेल. दवाखान्याचा नंबर यंत्रावर सांगून ठेवला आहे. यंत्र ऐकलंस तर. आज संध्याकाळभर बाबा फोनच्या शेजारच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. ती त्यांची नेहमीची खुर्ची नाही.

मी काही पुसलेलं नाही. 'दिवे मागे राहिले' संपलं की यंत्राचा आवाज पूर्ण वाढव. आधी एक खुर्ची करकरते. मग एक लहान मूल काहीतरी विचारतं आणि त्याला गप्प करतात. त्यानंतर बाबांनी श्वास घेतला आहे, छाती भरून, गायच्या आधी घेतात तसा. तो स्वच्छ ऐकू येतो. तो सोडल्याचा मात्र मला काही केल्या ऐकू येत नाही. मी आज पुष्कळदा लावून पाहिलं. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. तू ऐक.

ताई